धुऱ्याचं भांडण झेंड्याच्या काठीला बांधू नका

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

«आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. मी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा सचिव. मागच्या ऑगस्टमध्ये, पोळा झाल्यावर, ग्रामपंचायतीच्या सभागृहात ‘खरा देशभक्त कोण?’ या विषयावर चर्चा ठेवली होती. कापसावरचं आयात शुल्क माफ झाल्याची बातमी तेव्हा ताजी होती. एक शेतकरी उठून म्हणाले, “बाहेरचा कापूस बिनाशुल्क येते, आमच्या बोंडाले भाव नाही, मंग कायचा अभिमान धरू?” सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार काका ताडकन उभे राहिले. “सीमेवर पोट्टे मरतात अन् तुले भावाची पडली? देशद्रोही बोलणं आहे हे!” हातघाईवर आलं नाही एवढंच. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले आहेत. यंदा सरपंच म्हणतात चर्चा नकोच, डीजेवर देशभक्तीची गाणी लावू. मला चर्चा हवी आहे. विषय काय ठेवू? कोणी कोणाला देशद्रोही म्हटलं तर काय करू? ग्रुपचा ॲडमिन मीच, माझ्यावर केस होईल का? आणि सभागृहात झेंडा कुठे लावायचा यावरही दोन मतं आहेत.»

सचिवभाऊ, मागच्या वर्षीची गडबड काकांनी केली नाही आणि त्या शेतकऱ्यानंही नाही. ती तुमच्या विषयानं केली.

‘खरा देशभक्त कोण?’ या प्रश्नाचं उत्तर माणूसच असू शकतं. ‘कोण’ विचारलं की सभागृहातला प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःला एका बाजूला आणि शेजारच्याला दुसऱ्या बाजूला बसवतो. ‘खरा’ म्हटलं की कोणीतरी खोटा ठरणारच. पुढे बोलणारा काहीही बोलो, ऐकणारा एकच गोष्ट शोधतो: हा मला खोटा म्हणतोय का? त्यात गाव म्हटलं की जुने हिशेब असतातच. कोणी कोणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरलेला असतो, पांदणीतलं (शेतरस्त्यावरचं) अतिक्रमण असतं, मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीतलं पॅनल असतं. एरवी ही भांडणं तहसीलला किंवा पारावर होतात. विषय असा मोकळा सोडला की ती सगळी झेंड्याच्या काठीला येऊन बांधली जातात आणि तिथून सोडवणं फार जड जातं. धुऱ्याच्या भांडणात मोजणी करता येते, देशभक्तीची मोजणी करणारा भूकरमापक अजून नेमलेला नाही.

आता ते दोन संवाद परत वाचा. शेतकऱ्याच्या एका वाक्यात दोन वाक्यं आहेत. पहिलं धोरणाबद्दल: शुल्क माफ करायला नको होतं. दुसरं मनाबद्दल: मला अभिमान वाटत नाही. काकांनी पहिलं ऐकलंच नाही, दुसऱ्याला उत्तर दिलं. शेतकऱ्याला वाटलं आपल्या भावाच्या प्रश्नाला देशद्रोह म्हटलं. काकांना वाटलं आपल्या नोकरीच्या वर्षांना किंमत नाही. दोघंही आपापल्या जागी दुखावले आणि कापूस तसाच राहिला.

त्या कापसाकडे जरा नीट बघू, कारण देशाच्या अभिमानाचा वाद इतका हाताशी क्वचित सापडतो. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्र सरकारनं १९ ऑगस्ट २०२५ पासून आधी ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. त्याच ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं होतं. कापड-कपड्यांच्या निर्यातदारांना कच्चा माल स्वस्त मिळावा, गिरण्या आणि शिलाईच्या कारखान्यांतले रोजगार टिकावेत, ही सरकारची बाजू. परदेशी दडपणापुढे देशाचा उद्योग उभा ठेवायचा, हे देशहित नाही तर काय? दुसरीकडे विदर्भातली वेचणी साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होते, म्हणजे वाढीव मुदत नेमकी आपला कापूस बाजारात येण्याच्या वेळेवर आली. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता, पण तो मिळतो सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर, आणि तिथे ओलावा १२ टक्क्यांवर गेला की गाडी परत. परत आलेली गाडी व्यापाऱ्याकडे जाते आणि व्यापारी बाहेरच्या कापसाचा भाव बघून बोलतो. पिकवणारा टिकला पाहिजे, हेही देशहितच. म्हणजे ‘देश’ हा शब्द दोन्ही बाजूंना लावता येतो. ज्या वादात तो दोन्हीकडे लागतो तिथे तो वाद सोडवायला उपयोगी नसतो, एवढं सभागृहाला दिसलं तरी पुष्कळ झालं.

यासाठी एक साधी चाळणी सांगतो. फळ्यावर चार शब्द लिहून ठेवा: देश, सरकार, सैन्य, पक्ष. बोलणाऱ्यानं ‘देश’ म्हटलं आणि त्याला ‘सरकार’ म्हणायचं होतं असं वाटलं, तर अध्यक्षांनी फळ्याकडे बोट दाखवून विचारायचं, “यातलं कोणतं?” ‘देशानं शुल्क माफ केलं’ नाही, सरकारनं केलं. ‘सैन्यावर शंका घेता का’ असं विचारण्याआधी समोरचा सैन्याबद्दल बोलला होता का, सरकारबद्दल? आणि हे दोन्हीकडून लावा. ‘या देशात काही राम नाही’ म्हणणाऱ्यालाही विचारा, तक्रार देशाबद्दल आहे की तालुक्याच्या कार्यालयाबद्दल. निम्मा राग तिथेच उतरतो. उरलेला निम्मा खरा मतभेद असतो आणि चर्चा त्याच्यासाठीच आहे.

‘देशद्रोही’ या शब्दाचंही एकदा स्पष्ट होऊ द्या. आपल्या कायद्यात ‘देशद्रोह’ नावाचा गुन्हा नव्हता आणि नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम १२४अ राजद्रोहाचं. राज म्हणजे सत्ता. याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ आणि १९०८ साली शिक्षा झाली, १९२२ मध्ये गांधीजींना झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात कलम कायम ठेवलं, पण मर्यादा घातली: सरकारवरची टीका कितीही कडक असली तरी ती राजद्रोह नाही, हिंसेला किंवा सार्वजनिक गोंधळाला चिथावणी असेल तरच. मे २०२२ मध्ये न्यायालयानं या कलमाचा वापर थांबवायला सांगितला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातलं कलम १५२ भारताचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांचं आहे. शिक्षा कडक आहे, जन्मठेपेपर्यंत. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सरकारच्या निर्णयांवर, ते कायदेशीर मार्गानं बदलून घेण्यासाठी केलेली टीका वेगळी काढलेली आहे. कापसाच्या शुल्कावर तावातावानं बोललेलं वाक्य यात कुठूनही बसत नाही. हे अध्यक्षांनी सुरुवातीलाच दोन मिनिटांत सांगावं. वाद पेटल्यावर सांगितलं तर ते एका बाजूचं वकीलपत्र वाटतं.

तुमच्या भागाला हे परकं नाही. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीच्या आणि चिमूरच्या ज्या लोकांनी मोर्चे काढले त्यांना तेव्हाच्या राज्यानं गुन्हेगारच म्हटलं, फाशीच्या शिक्षा सुनावल्या, पुढे त्या जन्मठेपेत बदलल्या. आज त्यांची स्मारकं आहेत. मात्र हा दाखला चर्चेत जपून वापरा. ‘तेव्हा ते, आज आम्ही’ अशी उडी कोणीही मारू शकतो आणि दोन्ही बाजू मारतात. शिवाय त्या दिवशी लोकही मेले आणि पोलीस-अधिकारीही मेले. घराघरात आठवणी आहेत, टाळ्यांसाठी त्या बाहेर काढू नयेत.

मग विषय काय ठेवायचा? ‘काय करावं’ असा ठेवा, ‘कोण आहे’ असा नको. प्रश्नचिन्ह नको, सरळ ठराव हवा, म्हणजे बाजूनं बोलणारा आणि विरोधात बोलणारा आपोआप ठरतो. यंदासाठी आम्ही हा सुचवू: ‘सीमेवर तणाव असताना सरकारवर जाहीर टीका करू नये.’ यात काकांना त्यांच्या अनुभवातून बोलता येतं, शेतकऱ्यालाही बोलता येतं, आणि दोन्हीकडे भक्कम माल आहे.

बाजूनं बोलणाऱ्यासाठी: २००८ च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांवरच्या थेट चित्रणाचा फायदा पलीकडे बसलेल्या सूत्रधारांना झाला, यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या कसाब निकालात कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमानं बंदी आली. म्हणजे तोंड आवरण्याला काही वेळा खरंच जिवाची किंमत असते. विरोधात बोलणाऱ्यासाठी: १९६२ मध्ये चीनशी युद्ध चालू असताना अटलबिहारी वाजपेयींसारख्या विरोधी खासदारांनी संसदेचं अधिवेशन बोलवा अशी मागणी केली, नेहरूंनी ते ८ नोव्हेंबरला बोलावलं आणि लढाई चालू असताना सभागृहात सरकारवर टीका झाली. चलाख श्रोत्याच्या लगेच लक्षात येईल की पहिला दाखला माहिती फोडण्याचा आहे आणि दुसरा टीकेचा. तसा प्रश्न कोणी विचारला तर चर्चा जमली असं समजा.

‘वेगळा विदर्भ’ हा विषय मात्र या कार्यक्रमाला घेऊ नका. राज्याची मागणी घटनेच्या चौकटीतली आहे, त्यात देशाविरुद्ध काही नाही. पण तो विषय सुरू झाला की दुसरा कोणताच उरत नाही.

तारीख १६ ऑगस्ट, संध्याकाळी साडेसहा. १५ ला नको: त्या दिवशी ध्वजारोहण, ग्रामसभा, शाळेचे कार्यक्रम असतात, आणि चर्चा ग्रामसभेला चिकटली की कोणीतरी ठराव लिहून घ्या म्हणतं. १६ ला १५ च्या खुर्च्या आणि माइक परत करायचे राहिलेले असतात, वेगळं भाडं पडत नाही. सकाळी आष्टीला जाणारे संध्याकाळपर्यंत परततात, निंदणाला गेलेल्या बायाही घरी आलेल्या असतात. साडेआठच्या आत संपवा.

एकूण वेळ सव्वा तास. प्रास्ताविक पाच मिनिटं, दोन्ही बाजूंचे दोन-दोन वक्ते, प्रत्येकी सहा मिनिटं. मग वीस मिनिटं प्रश्न, शेवटी प्रत्येक बाजूला तीन मिनिटं. उरलेली वीस मिनिटं ठेवलेलीच असू द्या, ती खर्च होतात. शाळेची घंटा आणा: पाच मिनिटांना एक टोला, सहाला दोन. तिसरा टोला ठेवू नका, तिसऱ्यापर्यंत बोलायची सवय लागते.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या. उभं राहून प्रश्न विचारणारा भाषण करतो आणि त्याच्या मागे त्याचा गट हुंकारतो. चिठ्ठीवर वाक्य आखूड होतं. शिवाय बचत गटातल्या बाया भर सभेत उठून बोलणार नाहीत, पण चिठ्ठी देतील, आणि चांगले प्रश्न बहुधा तिकडूनच येतात. कोऱ्या वहीची पानं चौथाई फाडून साठ चिठ्ठ्या आणि दहा पेनं आधीच वाटा. चिठ्ठ्या अध्यक्षांनी निवडाव्यात, तुम्ही नाही.

अध्यक्ष गावातला नको. सरपंच नको, पडलेला उमेदवार तर अजिबात नको. शेजारच्या गावच्या मुख्याध्यापिका किंवा निवृत्त ग्रामसेवक चालतील. त्यांना आवाज नसला तरी चालेल, घंटा आहे.

आणि पावसाची व्यवस्था करा. सभागृहावर टिनाची पत्रं असतील तर ऑगस्टच्या सरीत माइकचाही उपयोग नसतो. आवाज न पोचल्यानं माणसं ओरडतात, ओरडणं चढलेलं वाटतं, चढलेल्याला चढूनच उत्तर येतं. पुष्कळ भांडणं अशी निव्वळ पावसानं लागतात. सर आली की अध्यक्षांनी घंटा वाजवून चर्चा थांबवावी आणि चहा फिरवावा. चहा शेवटी ठेवू नका, सरीसाठी राखून ठेवा.

बाजू बदलून बोलायला लावण्याची कॉलेजातली पद्धत कोणी सुचवेल. गावात ती करू नका. काका टीकेच्या बाजूनं सहा मिनिटं बोलले तर दुसऱ्या दिवशी गाव म्हणेल काका बदलले, आणि ते काकांना आयुष्यभर निस्तरावं लागेल. त्याऐवजी एकच अट घाला: प्रत्येक वक्त्यानं पहिल्या एका मिनिटात समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा सांगायचा, समोरच्याला तो पटेल असा. समोरच्यानं मान हलवली की पुढे. ही मान हलणं सभागृहातल्या सगळ्यांना दिसतं. कागदावर छोटीशी वाटणारी ही अट पाळणं कठीण जातं, म्हणून वक्त्यांना आठवडाभर आधी सांगा.

तरीही ‘देशद्रोही’, ‘अंधभक्त’, ‘पाकिस्तानात जा’ यातलं काहीतरी येईलच. तेव्हा अध्यक्षांनी माफी मागायला लावू नये. माफी मागताना माणूस आणखी अडतो, त्याचे पाठीराखे उठतात. एकच वाक्य ठरवून ठेवा: “दादा, माणूस सोडा, मुद्दा धरा. तुमची चाळीस सेकंद बाकी आहेत.” वेळ सांगितली की माणूस बोलण्याकडे वळतो. दुसऱ्यांदा झालं तर त्याची पाळी संपली, माइक पुढच्याकडे. हा नियम भिंतीवर ठळक अक्षरात लावा आणि पहिला बडगा, शक्य असेल तर, तुमच्या स्वतःच्या गटातल्या माणसावर पडू द्या.

टीकेनं अभिमान दुखावतोच असं नाही, हे आपल्या गावांना पोळ्याच्या दिवशी कळतं. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात, ढोल वाजत असतो आणि झडत्यांतून, म्हणजे पोळ्यात म्हणायच्या खोचक कवनांतून, कर्जमाफीपासून आमदारापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला जातो. शेवटी सगळे एका सुरात हर हर महादेव म्हणतात आणि पोळा फुटतो. झडती म्हणणाऱ्याला कोणी गावद्रोही म्हणत नाही. कारण तो तोरणाच्या बाहेर उभा राहून नाही, आत उभा राहून बोलतो. काकांना खरं खुपतं ते हेच असावं: समोरचा बाहेर उभा राहून हसतोय. शेतकऱ्यानं सुरुवातीलाच ‘माझ्या देशात माझ्या कापसाला’ असं म्हटलं असतं तर तेच वाक्य वेगळं ऐकू आलं असतं. हे त्यांना जरूर सांगा, पण एकटे असताना.

व्हॉट्सॲपची भीती थोडी कमी करा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, संगनमत असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तुम्ही स्वतः पुढे ढकललेला मजकूर मात्र तुमचाच. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सोय चालू करा आणि १७ तारखेला दुपारी बंद करा. चर्चेच्या चित्रफितीचे तुकडे ग्रुपवर टाकू देऊ नका. सहा मिनिटांतले अकरा सेकंद कापले की कोणालाही काहीही ठरवता येतं.

झेंड्याबद्दल तुमची दोन्ही मतं बरोबर असू शकतात. भारतीय ध्वज संहिता २००२ नुसार व्यासपीठावर काठीला लावला तर वक्त्याच्या उजव्या हाताला, वक्ता श्रोत्यांकडे तोंड करून उभा असताना. भिंतीवर लावला तर वक्त्याच्या मागे आणि त्याच्यापेक्षा उंच, सपाट. आडवा असेल तर केशरी पट्टा वर. उभा टांगला तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. टेबलावर अंथरायचा नाही, व्यासपीठाला गुंडाळायचा नाही. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर विणलेलाही चालतो, तेव्हा कापडावरून कोणाला टोकू नका. कागदी झेंडे वाटले असतील तर दाराशी एक स्वच्छ खोकं ठेवा, कार्यक्रमानंतर ते खाली पडू नयेत.

शेवटी राष्ट्रगीत म्हणा, ५२ सेकंदांत. फोनवरून लावत असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच कोणाचा तरी कॉल वाजतो आणि नवा वाद सुरू. कोणी उभं राहिलं पण ओठ हलवले नाहीत तर मोबाइल त्याच्याकडे वळवू नका. केरळमधल्या तीन शाळकरी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये सांगितलं आहे की आदरानं उभं राहणं पुरेसं आहे, न गाणं हा अपमान नाही. म्हणणाऱ्यांना मुद्दाम अडथळा आणणं हा मात्र १९७१ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

सरपंचांना डीजे हवा असेल तर १५ ला लावू द्या. अडवून उपयोग नाही, आणि चर्चेला त्यांचं सभागृह लागणार आहे.

राहिला काकांचा आणि शेतकऱ्याचा अबोला. तो सभागृहात मिटवायचा प्रयत्न करू नका, हात मिळवायला लावू नका. ठराव कागदावर लिहून काकांच्या घरी जा, फोनवर नको. “काका, बाजूनं पहिले तुम्ही, सहा मिनिटं,” एवढंच सांगा. समोर कोण बोलणार हे त्यांनी विचारलं तर लपवू नका. तिथून उठून त्याच संध्याकाळी शेतकऱ्याकडे जा. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर सचिव आधी कोणाकडे गेला हे रात्रीतून सगळ्या गावाला माहीत झालेलं असेल.